गेटच्या आतला रस्ता कोणाचा, हे आधी नकाशात बघा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. पुण्याच्या हद्दीवरचं, २०२१ साली महापालिकेत आलेलं गाव. एकाच बिल्डरने तिथे उभारलेला १४ एकरांचा प्रकल्प, त्यात चार सोसायट्या. मधून जाणारा १२ मीटरचा, सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचा रस्ता. ताबा २०१४ चा. आता रस्त्याची चाळण झालीय. बिल्डर म्हणतो, मी केव्हाच हात वर केले. महापालिका म्हणते, रस्ता खासगी आहे. चारही सोसायट्या एकमेकींकडे बोट दाखवतात. मागच्या गेटमधून गावातली वाहनं आणि शाळेच्या व्हॅन ये-जा करतात. गेल्या महिन्यात सायकल चालवणाऱ्या एका मुलीला गाडीने उडवलं. त्यानंतर तुमच्या समितीने मागचं गेट कायमचं बंद करायचं ठरवलंय, आणि ते कायद्यात बसतं का, असं तुम्ही विचारता.

गेली तीस वर्षं मी लेआउट (जमिनीवरच्या इमारती-रस्त्यांची मांडणी) मंजुरी आणि सोसायट्यांच्या कन्व्हेयन्सची, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची, कामं करतो. या काळात हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत शेकडो वेळा आला. प्रत्येक वेळी मी आधी एकच विचारतो, मंजूर लेआउटचा सही-शिक्क्याचा नकाशा हातात आहे का? शंभरात नव्वद सोसायट्यांकडे तो नसतो. असतो तो माहितीपत्रकातला झाडं-कारंजी दाखवणारा रंगीत नकाशा. त्याला कायद्याच्या दृष्टीने काडीची किंमत नाही.

गेट बसवलं, वॉचमन उभा केला, ‘खासगी मालमत्ता’ अशी पाटी लावली, म्हणून रस्ता खासगी होत नाही. तसंच, महापालिकेचा कनिष्ठ अभियंता तोंडी ‘खासगी आहे’ म्हणाला म्हणूनही तो खासगी ठरत नाही. रस्त्याची जात मंजूर नकाशा, मंजुरीपत्रातल्या अटी आणि जमिनीचे कागद ठरवतात. मेंटेनन्स, गेट, पार्किंग हे बाकीचे सगळे प्रश्न त्यानंतरचे.

तुमच्यासारख्या लेआउटमध्ये दिसायला सारखे पण मुळात वेगळे असे तीन प्रकारचे रस्ते असू शकतात. पहिला विकास योजनेतला किंवा प्रादेशिक योजनेतला रस्ता, ज्याला आपण डीपी रोड किंवा आरपी रोड म्हणतो. तो प्रकल्पातून गेला, तरी सार्वजनिकच. त्या जमिनीच्या बदल्यात बिल्डरने एफएसआय (जादा बांधकामाची मुभा) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घेतला असेल, तर त्यावर त्याचा हक्क उरत नाही आणि तुमचाही नाही. दुसरा लेआउटचा अंतर्गत रस्ता. तो त्याच लेआउटमधल्या इमारतींसाठी असतो, पण शेजारच्या जमिनींशी त्याचा दुवा जोडण्याची अट अनेकदा मंजुरीतच घातलेली असते. लेआउट करताना आजूबाजूच्या जमिनींच्या रस्त्यांशी मेळ घालायचा, हे तत्त्व आपल्या विकास नियंत्रण नियमांत आहेच, आणि डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित नियमावलीतही आहे. तिसरा म्हणजे इमारतीभोवतीची मोकळी जागा, जिच्यावर ब्लॉक टाकून आपण गाड्या फिरवतो. तो मुळात रस्ता नाहीच, तो इमारतीचा मार्जिन आहे.

चुकीच्या समजुतीची किंमत किती असते, ते एका सोसायटीच्या बाबतीत मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांनी नऊ वर्षं वर्गणी काढून रस्ता डांबरी केला, दिवे लावले, वॉचमनचा पगार दिला. कन्व्हेयन्ससाठी माझ्याकडे आले तेव्हा आम्ही फाइल काढली. तो रस्ता विकास योजनेतला निघाला, आणि त्याचा टीडीआर बिल्डरने ताबा देण्याआधीच घेऊन विकलेला होता. सातबाऱ्यावर नाव चढवायचं राहिलं होतं, इतकंच. रहिवाशांनी नऊ वर्षं सार्वजनिक रस्त्याची देखभाल स्वतःच्या खिशातून केली. ते पैसे परत मिळाले नाहीत, आणि ज्या निवृत्त शिक्षकांनी एकट्याने पाठपुरावा करून तो डांबरी करून घेतला होता, त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून तुमचं पहिलं काम. प्रकल्पाची मंजुरी २०१४ च्या आधीची, म्हणजे तेव्हा गाव महापालिकेबाहेर होतं. पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, स्थापन झालं ते २०१५ साली. त्याआधीच्या मंजुऱ्या जिल्हाधिकारी कार्यालयातून, नगररचना विभागाच्या शिफारशीवर होत असत. त्यामुळे मूळ फाइल जिल्हाधिकारी कार्यालयाची बिनशेती शाखा, नगररचना किंवा पीएमआरडीए यांपैकी कुठेही सापडू शकते. तिन्ही ठिकाणी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. मंजूर नकाशा, मंजुरीपत्र, बिनशेती आदेश आणि भोगवटा प्रमाणपत्र या चारही कागदांच्या साक्षांकित प्रती मागा. नुसता नकाशा मागू नका, कारण खरी गोम मंजुरीपत्राच्या अटींमध्ये असते. ‘अंतर्गत रस्ते विकसित करून नियोजन प्राधिकरणाकडे हस्तांतरित करावेत’ असं वाक्य तिथे असलं, तर सगळं चित्र बदलतं. जोडीला ताजा सातबारा काढून ‘इतर हक्क’ रकान्यात रस्त्याची नोंद आहे का, ते बघा.

आता समजा, तुमचा रस्ता लेआउटचा अंतर्गत रस्ताच निघाला. मग मालक कोण? कन्व्हेयन्स झालं नसेल तर कागदावर आजही जमीनमालक किंवा बिल्डर. पण ती नावापुरती मालकी आहे. दिल्लीच्या एका लेआउटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की मंजूर लेआउटमध्ये रस्ता किंवा बाग म्हणून दाखवलेली जागा मालक स्वतःच्या मर्जीने वापरू शकत नाही. तिथल्या लोकांच्या वतीने, विश्वस्तासारखा तो ती सांभाळत असतो. त्याच निकालात असंही म्हटलंय की नुसता लेआउट मंजूर केला म्हणून ती जमीन महापालिकेला फुकट मालकीने मिळत नाही. तेव्हा बिल्डरने त्या रस्त्याची कडेची पट्टी कुणाला ‘पार्किंग’ म्हणून विकली असेल, तर तो व्यवहार टिकणारा नाही. स्टिल्ट (इमारतीखालचं खांबांमधलं) आणि उघडं पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे २०१० साली मुंबईच्याच एका सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट झालंय.

तुमचा प्रकल्प रेरा (स्थावर संपदा नियमनाचा कायदा) येण्याआधी पूर्ण झालेला. त्यामुळे रेरातली, ताब्यापासून पाच वर्षं दोष दुरुस्त करून देण्याची बिल्डरवरची जबाबदारी तुम्हाला लागू नाही. (ज्यांचे प्रकल्प रेराखाली आहेत आणि ताब्याला पाच वर्षं झालेली नाहीत, त्यांनी रस्ता खचला तर लगेच लेखी कळवावं. तक्रार गेल्यावर ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करणं बिल्डरला बंधनकारक आहे.) तुमच्या हातात सदनिकांबाबतचा १९६३ चा मोफा कायदा आहे, आणि त्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेलं मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स: बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही, तरी ती सोसायटीला मिळवून देणारा आदेश. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा.

इथे एक चूक मी इतक्यांदा पाहिलीय की जरा खोलात सांगतो. चार सोसायट्यांच्या लेआउटमध्ये प्रत्येक सोसायटी आपापला अर्ज करते आणि त्यात आपल्या इमारतीखालची जमीन मागते. रस्ता, बाग, पाण्याची टाकी, सांडपाणी प्रकल्प यांचा उल्लेखच नसतो. आदेश येतो, पेढे वाटले जातात, आणि रस्ता बिल्डरच्या नावावर तसाच राहतो. पुढे पुनर्विकास करायची वेळ आली किंवा बिल्डरने उरलेल्या एफएसआयची नवी इमारत आणली, की मग डोळे उघडतात. अर्जातच स्पष्ट लिहा: इमारतीखालची व तिच्याभोवतीची जमीन, शिवाय अंतर्गत रस्ते, मोकळ्या जागा आणि सामायिक सोयींमध्ये बांधकाम क्षेत्राच्या प्रमाणात अविभक्त हिस्सा. वास्तुविशारदाच्या दाखल्यातही तेच आकडे यायला हवेत. चारही सोसायट्यांनी एकच वास्तुविशारद आणि एकच वकील नेमला तर खर्चही वाचतो आणि आकड्यांत विसंगतीही राहत नाही.

कन्व्हेयन्सला वेळ लागेल. तोवर खड्डे थांबणार नाहीत. म्हणून चारही सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांनी ठराव करून लेखी करारावर एक संयुक्त समिती नेमावी, तिचं वेगळं बँक खाते असावं, आणि फेडरेशनच्या, म्हणजे चारही सोसायट्यांच्या संघाच्या, नोंदणीचं काम समांतर सुरू ठेवावं. वाटणी कशी, यावरच बहुतेक ठिकाणी गाडी अडते. माझं मत स्पष्ट आहे: नेहमीचा खर्च, म्हणजे झाडलोट, दिवे, वॉचमन, हा सदनिकांच्या संख्येवर वाटा. सेवाशुल्क प्रत्येक सदनिकेला समान, हे उपविधींचं तत्त्व रहिवाशांच्या अंगवळणी पडलेलं असतं, त्यामुळे वाद कमी होतात. मोठ्या दुरुस्तीला प्रत्येक सोसायटीने आपला दुरुस्ती निधी वापरावा. आदर्श उपविधींप्रमाणे तो बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का जमायला हवा. जिथे ही वर्गणी अकरा वर्षं वाढवलेलीच नाही, तिथे सभासदांना एकरकमी मोठा आकडा ऐकावा लागतो आणि सभा उधळते. रस्त्यावर खर्च करायचाय, पण निधी नाही, हे कटू सत्य सभेपुढे ठेवायचं धैर्य समितीने दाखवायला हवं.

आता रस्ता खराब का झाला, याकडे येतो. तुम्ही पावसाला दोष दिलाय. तुमच्याकडे मार्चपासून जूनपर्यंत दिवसाला वीस-पंचवीस टँकर येतात, असंही तुम्हीच लिहिलंय. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच दहा टन. वर गाडीचं वजन. मागच्या एका आसावर आठ-दहा टनांचा भार सहज येतो. तुमच्या मोटारीच्या आसावर तो पाऊण टनाच्या आसपास असतो. अमेरिकेत १९५०-६० च्या दरम्यान झालेल्या रस्ताचाचण्यांतून निघालेला आणि आजही वापरला जाणारा ठोकताळा असा की, आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याला होणारी इजा साधारण सोळापट होते. या हिशेबाने टँकरची एक फेरी म्हणजे मोटारींच्या हजारो फेऱ्या. तेव्हा टँकर ज्या वाटेने येतात आणि जिथे वळतात, तेवढा भाग वेगळ्या जाडीचा करा. बाकी रस्त्यावर तितका खर्च करायची गरज नाही. टँकर जिथे रिकामे होतात ती टाकी मुख्य गेटजवळ नेता आली तर सर्वांत उत्तम. एका प्रकल्पात आम्ही तेच केलं. टाकीपासून आतल्या इमारतींपर्यंत पंपाने पाणी नेलं, आणि आतला रस्ता जड वाहनांपासून पूर्ण मोकळा झाला.

काँक्रीट की पेव्हर ब्लॉक, हा वाद सभेत तासन्‌तास चालतो. चालण्याच्या वाटेला ६० मिलिमीटरचे ब्लॉक ठीक. वाहनांच्या रस्त्याला किमान ८० चे हवेत, आणि त्याखालचा थर नीट दाबलेला हवा. ब्लॉक खचतात ते ब्लॉकमुळे कमी, खालच्या भरावामुळे जास्त. टँकरच्या वाटेला मी काँक्रीटच सुचवेन. पण ते करण्याआधी चारही सोसायट्यांच्या पाण्याच्या, गॅसच्या, इंटरनेटच्या लायनींसाठी रस्त्याखालून मोकळे पाइप टाकून ठेवा. काँक्रीट झाल्यावर सहा महिन्यांत कुणीतरी केबलसाठी चर खणतो आणि सगळा खर्च वाया जातो. सांधे चार-साडेचार मीटरवर, आणि ते दुसऱ्या दिवसापर्यंत कापलेले असले पाहिजेत. उशीर झाला की काँक्रीट आपल्या मर्जीने तडकतं.

सगळ्यात जास्त जपायचं ते पाण्याला. काँक्रीटच्या रस्त्याला मधून कडेला दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार हवा. सात मीटर रुंदीच्या रस्त्यात मध्य कडेपेक्षा सात सेंटिमीटर उंच. ठेकेदार निघून जाण्याआधी दोरी धरून हे स्वतः मोजा. चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीत आहेत ना, तेही त्याच दिवशी बघा. आम्ही साइटवर बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं ते बघतो. साधा प्रयोग आहे, पण बिलाचा शेवटचा हप्ता देण्याआधी तो केलाच पाहिजे.

आता तुमचा मूळ प्रश्न, मागचं गेट. डीपी रोड निघाला तर ते बंद करता येणार नाही, विषय तिथेच संपला. अंतर्गत रस्ता निघाला तरी कुलूप लावण्याआधी तीन गोष्टी तपासा. लेआउटमधली सुविधा भूखंडाची, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेली, जागा प्राधिकरणाकडे गेलेली आहे का आणि तिची वाट तुमच्या रस्त्यावरून आहे का? असेल तर तिथे येणाऱ्या लोकांना अडवता येत नाही. मागच्या शेतकऱ्यांची जुनी वहिवाट होती का? वहिवाटीची वाट अडवली तर शेतकरी मामलतदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे जाऊ शकतो, आणि अशा प्रकरणांत अडथळा काढण्याचे आदेश होतात, हे मी अनेकदा पाहिलंय. प्रकल्प येण्याआधीची पाऊलवाट तुमच्या गेटमुळे नाहीशी होत नाही. गावातल्या वयस्कर माणसांशी बसून बोला. तुमच्याआधी ते तिथे राहतात, आणि बऱ्याच वेळा दोन घोट चहात जे सुटतं ते तहसील कचेरीत दोन वर्षं सुटत नाही. तिसरी गोष्ट, अग्निशमन बंब. मंजुरीत बंबाला किमान सहा मीटर रुंदीची, त्याचं वजन पेलणारी वाट दाखवलेली असते. मागचं गेट त्या वाटेत येत असेल तर ते कायमचं बंद करणं म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ आहे. एका ठिकाणी रात्री दहानंतर कुलूप आणि किल्ली सुटीवर गेलेल्या वॉचमनकडे, अशी अवस्था होती. आग किरकोळ होती, म्हणून निभावलं.

यातलं काहीही आडवं येत नसेल तर तुम्ही बाहेरची वाहनं नक्कीच नियंत्रित करू शकता. पण मी कुलपाऐवजी वेळा ठरवायला सांगेन. पायी जाणाऱ्यांना छोटं दार दिवसभर उघडं ठेवा. शाळेच्या व्हॅनना सकाळ-दुपारच्या ठरावीक वेळा द्या. इतर बाहेरच्या चारचाक्या बंद करा. आणि गेटवर पाटी लावा: हा लेआउटमधला अंतर्गत रस्ता असून इतरांना त्याचा वापर परवानगीने करता येतो. सुखाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षं कुणी हक्काने, अखंड वापर केला तर त्याला वाटेचा अधिकार मिळू शकतो. परवानगीने केलेला वापर हक्काचा ठरत नाही. दर वर्षी या परवानगीचा ठराव समितीच्या इतिवृत्तात घेत चला.

शेवटी त्या मुलीबद्दल. सोसायटीच्या आत झालेला अपघात म्हणजे घरगुती बाब, पोलिसांत जाण्यासारखं काही नाही, असं समितीतल्या कुणी तिच्या आई-वडिलांना सांगितलं असेल, तर ते चूक आहे. निष्काळजीपणे दुसऱ्याला इजा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली दखलपात्र गुन्हा आहे, मग तो रस्ता सार्वजनिक असो वा खासगी. विम्याच्या बाबतीत कंपनी ‘सार्वजनिक जागा नव्हती’ असा बचाव घेऊ शकते. पण मोटार वाहन कायद्यातली सार्वजनिक जागेची व्याख्या लोकांच्या प्रवेशावर बेतलेली आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तिचा अर्थ व्यापक घेतलाय: परवानगीने किंवा मर्यादित प्रवेश असलेली जागाही त्यात येऊ शकते. तुमच्या रस्त्यावर तर शाळेच्या व्हॅन आणि गावातली माणसं रोज फिरतात. नुकसानभरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायला सांगा. सीसीटीव्हीचं चित्रण आजच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. बहुतेक यंत्रणांत ते काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं.

आणि अपघातानंतर तुमच्याकडे घाईने बसवलेले ते काळे-पिवळे प्लॅस्टिकचे पट्टे काढून टाका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. त्याच्यावरून गाडी ताशी २५ किलोमीटरने विनाधक्का जाते आणि त्याहून वेगात जाणाऱ्याला तो जाणवतो. तुमचे अरुंद पट्टे दुचाकीवरच्या वयस्कर माणसांची कंबर मोडतात, मोटारवाल्याला मात्र त्यांचं फारसं काही वाटत नाही. मापाचे दोन गतिरोधक, एक बागेच्या दाराशी आणि एक मागच्या वळणाआधी, पांढरे पट्टे आणि वर दिवा, इतकं पुरे. वळणावर उभ्या राहणाऱ्या गाड्या मात्र हटवाच. तुम्ही पाठवलेल्या रेखाटनात ज्या जागी ती मुलगी पडली, तिथे दोन्ही बाजूंना गाड्या लावल्यात. ड्रायव्हरला ती दिसलीच नसणार.

नकाशाची प्रत हाती आली की त्या १२ मीटरच्या रस्त्यावर काय शेरा लिहिलाय आणि मंजुरीपत्रात रस्त्यांबद्दलची अट कोणती, एवढं शब्दशः कळवा. त्यावरून गेटचा ठराव कसा लिहायचा, ते सांगतो. तोवर तो ठराव सभेपुढे आणू नका.